सुलतानाबाईचं ‘झालं’

सावली गावाकडून वैनगंगेच्या अंगानं निघालं की एका गावात सरकारी दवाखाना लागतो. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कोणाच्या पोटात दुखायला नको. त्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागं एक अरुंद खोली आहे, आणि त्या खोलीत सुलतानाबाई बसते. कागदावर तिचा हुद्दा ‘डेटा एन्ट्री ऑपरेटर, कंत्राटी’. गावाच्या तोंडी ती ‘कंप्यूटरवाली बाई’. वय बत्तीस, अंगानं काडी, पण आवाज असा खणखणीत, की रांगेत शेवटी बसलेल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही आपलं नाव पहिल्या हाकेत कळतं.

हा आवाज तिला बापाकडून मिळालेला नाही. बाप बाबूभाई, वडशाचा. तो सगळी जिंदगी कुजबुजत आला, कारण धंदाच तो. हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही ठेवायची आणि नट अडखळला की त्याच्यापुरतं वाक्य पुरवायचं. नाटकाचा हंगाम संपला की दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. दुपारच्या तालमीला लहानगी सुलताना बापाशेजारी बसून वहीची पानं उलटायची, आणि घाई केली की टपली खायची. “बेटा, मी बोललो म्हंजे झालं नाई,” बाबूभाई म्हणायचा. “त्याच्या तोंडातून निघालं, समोरच्याच्या कानात गेलं, तवा पान उलटायचं.”

एवढी साधी गोष्ट. पण शिकलेली माणसंही नेमकं घरचंच शिकलेलं विसरतात. सुलतानाबाई विसरली, आणि ते एका बाळंतिणीच्या जिवावर बेतलं.

आमच्या भागात सिकलसेल काही नवा नाही. रक्तातला दोष आहे, आईबापाकडून येतो. एकाकडून आला तर माणूस नुसता वाहक, जन्मभर धडधाकट राहू शकतो. दोघांकडून आला तर मात्र दुखणं पाठ सोडत नाही, आणि बाईमाणसाला बाळंतपण म्हणजे दिव्यच. म्हणून गरोदर बाईचं रक्त तपासायला लांबच्या प्रयोगशाळेत जातं आणि तिथून रिपोर्ट मेलवर येतो. सुलतानाबाईचं काम असं, की मेलला जोडून आलेला तो रिपोर्ट उचलायचा आणि ‘जिल्ह्याच्या कप्प्यात’ ठेवायचा. हा कप्पा लाकडाचा नाही बरं. तो कंप्यूटरातला सामायिक फोल्डर. इकडून आपण ठेवलं की तिकडे जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरला दिसतं. रिपोर्ट वाचणं, पेशंटला समजावणं हे तिचं काम नव्हे. तिनं फक्त ठेवायचा.

दिवाळीच्या आधीपर्यंत हे काम डाव्या हाताचं होतं. टेबलाखाली एक खराखुरा, घरघर करणारा कंप्यूटर होता. रिपोर्ट त्याच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये टाकला की रोज संध्याकाळी तो आपोआप जिल्ह्याला उचलला जायचा आणि इथली जागा रिकामी व्हायची. मग कोणा हौशी माणसानं त्यात पेनड्राइव्ह खुपसला. पेनड्राइव्हमध्ये नाटकाची शूटिंग होती आणि शूटिंगसोबत व्हायरस होता. माणूस कोण ते मी सांगणार नाही, पण डॉक्टर लोकांनाही नाटकाचा नाद असतो. सात दवाखान्यांचं काम आठ दिवस ठप्प झालं. वरच्या लोकांनी मग अशी धास्ती घेतली, की जुने कंप्यूटर उचलून प्रत्येक टेबलावर टिफिनएवढा डबा आणून ठेवला. डब्याला पडदा, कीबोर्ड आणि माऊस. खरा कंप्यूटर कुठंतरी मोठ्या शहरात, थंडगार खोलीत. इथं दिसतं ते नुसतं त्याचं चित्र. पेनड्राइव्ह लागत नाही, प्रिंट निघत नाही, आलेली फाइल जोडून पुढं पाठवता येत नाही. आणि रविवार आला की डबा सगळं झाडूनपुसून कोरा होतो. हे शेवटचं मात्र सुलतानाबाईला कोणी सांगितलं नव्हतं.

ती आपली पहिल्यासारखीच रिपोर्ट ‘डॉक्युमेंट्स’मध्ये टाकत राहिली. सोमवारी ती जागा रिकामी दिसायची. तिला वाटायचं, वा, गेले जिल्ह्याला! पूर्वीही गेले की रिकामीच दिसायची ना. मेलची पेटी भरून जाते म्हणून ती जुन्या मेलही पुसून टाकायची. कामाला वाघीण होती बिचारी. आपल्याच हातानं सगळं साफ करत होती.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी दहाला कमळाबाई तिच्या दारात येऊन उभी राहिली. कमळाबाई नदीकाठच्या एका खेड्यातली, धानाच्या शेतीवरची बाई. तिची पोरगी मंगली. मंगलीला दिलेली नदीपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात, पण पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती सातव्या महिन्यात इकडे आलेली. तिचं रक्त याच दवाखान्यात काढलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी कमळाबाई चौकशीला आली, तेव्हा सुलतानाबाईनं तिच्यासमोर बटण दाबून सांगितलं होतं, “झालं, कमळाबाई. आता जिल्ह्याच्या डॉक्टरले दिसते. निश्चिंत जा.”

आज कमळाबाईच्या पायात चप्पल नव्हती.

“पोट्टीले पहाटे कळा सुरू झाल्या, बाई. तिच्या बापानं अँब्युलन्समधून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली. तिथली डाक्टरीन म्हणते, रिपोर्ट कुठी हाय? आमच्याकडं तं नाई म्हणते. मी काळीपिवळी जीप पकडून इथी आली.” ती जरा थांबली आणि अगदी हळू म्हणाली, “तुमी तं झालं म्हणलं होतं न?”

ओरडली असती तर बरं झालं असतं. सुलतानाबाईला भांडणाऱ्या लोकांची सवय होती. पण ही बाई नुसती विचारत होती. सुलतानाबाईनं ‘डॉक्युमेंट्स’ उघडलं. रिकामं. मेल शोधली. पुसलेली. मग तिनं वही काढून मोजलं. दिवाळीपासून सदुसष्ट रिपोर्ट आले होते. सदुसष्टच्या सदुसष्ट तिनं त्या डब्याच्या पोटात घातले होते आणि डब्यानं ते गिळले होते. 

तिला सहज म्हणता आलं असतं, की वरून नेटवर्कची गडबड आहे. सरकारी कचेरीत हे वाक्य दिवसातून दहा वेळा खपतं. तिनं ते म्हटलं नाही.

“चूक माही हाय, कमळाबाई. रिपोर्ट पोचलीच नाई. बसा इथी. आज ते पोचवल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठत नाई.”

पहिला फोन तिनं जिल्ह्याच्या दवाखान्यात करिष्मा सिस्टरला लावला. करिष्मा तिथल्या प्रसूती वॉर्डातली, तोंडानं फटकळ आणि कामाला चोख. तिनं परिस्थिती सरळ सांगितली. “घाईची तपासणी केली आम्ही. सिकल हाय एवढं दिसते, पण वाहक का पूर्ण, हे त्याच्यात कळत नाई. पूर्ण असंल तं दोन पिशव्या रक्त आधीच आणून ठेवा लागते. रक्तपेढीवाले सिकलच्या राखीव पिशव्या कप्प्यातली रिपोर्ट पाहूनच देतात. त्यायची गाडी चार वाजता निघते, मंग उद्या सकाळीच. अन् ही पोट्टी उद्यापर्यंत थांबत नाई, सांगून ठेवते.”

“मी मोबाइलवर फोटो पाठवू का?”

“मागं दोन फोटोंची अदलाबदल झाली होती, तवापासून फोटो बंद. कप्प्यातच पायजे.”

म्हणजे चार वाजेपर्यंतचा वेळ. सुलतानाबाईनं ओढणी कमरेला खोचली.

प्रयोगशाळेचा माणूस आधी म्हणाला, लेखी विनंती करा. तिनं केली. मग म्हणाला, साहेब जेवायला गेले. ती म्हणाली, साहेबाच्या ताटाशी फोन न्या, मी बोलते त्यायच्याशी. त्यानं फोन नेला नाही, पण बारा वाजून वीस मिनिटांनी रिपोर्ट पुन्हा आला. नाव ‘मंगली धनराज’, धनराज हा तिचा नवरा. मागच्या वेळी नावापुरता उघडून ठेवून दिलेला तो कागद सुलतानाबाईनं आज पहिल्यांदा पूर्ण वाचला. दोन्हीकडून आलेला. पूर्ण सिकल.

तिनं करिष्माला लगेच तोंडी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विश्वास ठेवून सलाईन लावलं, ऑक्सिजन तयार ठेवला. पण रक्तासाठी कप्पा तो कप्पाच.

आणि घोडं नेमकं तिथंच अडलं. सेव्ह म्हटलं की खिडकी उघडायची, आणि त्या खिडकीत ‘डॉक्युमेंट्स’शिवाय काही नाही. ना जिल्हा, ना कप्पा. सुलतानाबाईनं वर पाहिलं, खाली पाहिलं, उजवं बटण दाबलं, डावं दाबलं. डबा आपला म्हणतो, परवानगी नाही. तिनं मदत केंद्राला फोन लावला. आधी दहा मिनिटं सनई वाजली. मग एका पोरीनं तक्रार लिहून घेतली आणि अठ्ठेचाळीस तासांत उत्तर येईल म्हणाली. दुसऱ्या वेळी तीच सनई, तेच अठ्ठेचाळीस तास. अठ्ठेचाळीस तासांत मंगलीचं काय होईल याच्याशी त्या सनईला देणंघेणं नव्हतं.

“लागत नाई का बाई?” कमळाबाईनं विचारलं.

“लागंल कसं नाई? मी याचा पिच्छा सोडत नाई.”

तिसऱ्या वेळी प्रफुल नावाचा माणूस भेटला. त्यानंही ‘मॅडम, एकदा बंद करून चालू करा’ पासून सुरुवात केली. सुलतानाबाईनं त्याला मध्येच तोडलं. “भाऊ, आधी ऐका. एक पोरगी बाळंतपणाच्या टेबलावर हाय. तिची रिपोर्ट माह्या डोळ्यासमोर हाय अन् मले ते एक बोट सरकवता येऊन नाई राह्यली. तक्रार नका लिहू. रस्ता सांगा.”

 त्या माणसाची पुस्तकी भाषा गळून पडली. “तुमी कुठच्या जी? मी कोरपन्याचा.”

“म्हंजे आपल्याच जिल्ह्यातले. मंग सांगा न आता.”

“पाहा, तो कप्पा शोधून दिसत नाई, मुद्दाम लपवला हाय. पण तुमच्या नावानं तो उघडा हाय. खिडकीत फाइलचं नाव लिहायची चौकट असते न, तिथी त्या कप्प्याचा पूर्ण पत्ता टाइप करा लागते. पत्ता लिहिला की जाते सरळ.”

“अरे बाप्पा! एवढंच? पत्ता बोला.”

“तेच तं घोडं हाय, बाई. पत्ता फोनवर सांगायची आम्हाले मनाई हाय. दिवाळीच्या आधी प्रत्येक दवाखान्याले तीन पानी पत्र गेलं. इंग्रजीत हाय. त्याच्यात तुमच्या कप्प्याचा पत्ता हाय, अन् रविवारी डबा कोरा होते थे पण लिहून हाय. पत्र काढा, मी माहा सरळ नंबर देतो. अडलं तं लावा.”

पत्र आलं होतं तर! सुलतानाबाईच्या डोक्यात संताप असा चढला, की ती दोन ढांगांत मुख्य लिपिकाच्या खोलीत पोचली.

भैयाजी हे मुख्य लिपिक. सत्तावीस वर्षांची नोकरी, कपाळाला अष्टगंध, आणि स्वभावानं सरळ. त्यांच्या हातून आजवर एक कागद हरवला नाही याचा त्यांना सार्थ अभिमान होता. कागद हरवायचा कसा? वरून आलेलं इंग्रजी पत्र असलं आणि त्याखाली ‘तात्काळ’ लिहिलेलं नसलं, की भैयाजी कोपऱ्यात लाल शाईनं लिहायचे, ‘पाहिले. माहितीस्तव. दप्तरी दाखल.’ मग ते पत्र लाल फडक्यात बांधलं जायचं आणि कपाटात जायचं. तिथून ते ब्रह्मदेवालाही सापडत नसे, पण हरवलेलंही नसे.

“तीन पानी? इंग्रजी?” भैयाजींनी चष्मा वर केला. “आलं होतं न. पण ते अंमलबजावणीचं नव्हतं. माहितीस्तव होतं.”

“माहिती कोणाले दिली मंग, भैयाजी?”

 सत्तावीस वर्षांत हा प्रश्न भैयाजींना कोणी विचारला नव्हता. ते उठले, किल्ल्यांचा जुडगा काढला आणि म्हणाले, “चल, दोघं शोधू.”

आता नवी पंचाईत. डब्याला दहा मिनिटं हात लावला नाही की तो आपसूक बंद होतो आणि उघडलेलं सगळं जातं. पुन्हा आत शिरायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. सुलतानाबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि कमळाबाईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. “हा माऊस धरा. बटण दाबायचं नाई. नुसता असा हलवत राहायचा. याले झोपू देऊ नका.”

“मले जमंल का बाई?”

“एवढं रान धानानं लावता तुमी, हे काय हाय त्याच्यापुढं?”

कमळाबाईनं माऊस असा धरला, जसं पाखराचं पिल्लू. आणि धान चुरून चुरून भेगाळलेला तो हात पुढचा सव्वा तास थांबला नाही. तिची नजर पडद्यावरच्या बाणावरून हलली नाही. औषध घ्यायला आलेली माणसं खिडकीतून डोकावून पाहत होती, की ही कोण नवी कंप्यूटरवाली बाई आली.

तिकडे भैयाजींनी लाल फडक्यांचे चौदा बस्ते जमिनीवर मांडले होते. धुळीनं दोघांच्या शिंकांना ऊत आला. मलेरियाची पत्रं, जनगणनेची पत्रं, एका निवृत्त शिपायाच्या रजेची पत्रं. नवव्या बस्त्यावर भैयाजी म्हणाले, “सुलताना, मी वाचलं असतं तं बरं झालं असतं.” ती दहाव्या बस्त्याची गाठ सोडू लागली. सांत्वन करायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं. अकराव्या बस्त्यात, लग्नपत्रिकांच्या खाली, ते सापडलं. कोपऱ्यात लाल शाई होतीच.

तीन वाजून पाच मिनिटं. पडदा जागा होता. सुलतानाबाईनं उभ्यानंच टाइप केलं. दोन तिरक्या रेघा, मग त्या लांबच्या कंप्यूटरचं नाव, मग एक रेघ, मग जिल्हा, मग दवाखान्याचा क्रमांक. एंटर. डबा म्हणाला, असा पत्ता नाही. पुन्हा केलं. नाही. तिसऱ्यांदा अक्षर अन् अक्षर ताडून केलं. नाही! “मेल्या डब्या!” ती ओरडली. प्रफुलचा सरळ नंबर लावला.

“तिरकी रेघ कोणची घेतली जी?” त्यानं विचारलं.

“तिरकी म्हंजे तिरकी. प्रश्नचिन्हाच्या बटणावरची.”

“थे नाई. उलट्या बाजूनं झुकलेली पायजे. एंटरच्या डोक्यावर पाहा. मी ठेवत नाई फोन, करा तुमी.”

सुलतानाबाईनं एंटरच्या डोक्यावर पाहिलं. त्या बटणावर डबा आल्यापासून कधी बोट पडलं नव्हतं, म्हणून ते नव्यासारखं चकचकीत होतं. उलट्या रेघा टाकल्या, एंटर दाबलं. डबा काहीच म्हणाला नाही. खिडकी गुमान बंद झाली.

“झालं!” भैयाजींनी टाळी वाजवली.

“नाई झालं,” सुलतानाबाई म्हणाली. तिनं आजवर सदुसष्ट वेळा अशीच बंद झालेली खिडकी पाहिली होती. तिनं करिष्माला फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला. “करिष्मा, कप्पा उघड अन् मले वाचून दाखव.”

“पाहून राह्यली. मंगली सुकलू... नाई, मंगली सुकलू नावाची फाइलच नाई इथी.”

सुलतानाबाईनं घाईनं पुन्हा पत्राकडं पाहिलं. मग नाव कानात शिरलं. सुकलू! “सुकलू कोण?”

“माहा मालक,” कमळाबाई म्हणाली. “मंगलीचा बाप. त्यायनंच भरती केली न.”

तर असं. पोरगी माहेरी बाळंतपणाला आलेली, बापानं दवाखान्यात नेली, केसपेपर फाडताना बापानं आपलंच नाव सांगितलं. चुकीचं काय त्यात? त्याची पोरगी आहे. पण रिपोर्टवर नवऱ्याचं नाव. आमच्याकडे दर दुसऱ्या पहिलटकरणीची ही गत.

“मंगली धनराज पाहा, करिष्मा.”

“हाय! हे हाय,” करिष्मा म्हणाली आणि लगेच आवाज पडला. “पण बाई, केसपेपरवर एक नाव अन् रिपोर्टवर दुसरं. रक्तपेढीवाला परत पाठवंल. दोन्ही मंगली एकच, हे कशावरून?”

घड्याळात तीन पस्तीस. भैयाजींनी कपाळावरचा घाम पुसला आणि अष्टगंधही पुसला गेला. सुलतानाबाई खाली बसली, कमळाबाईच्या समोर, उकिडवी. “कमळाबाई, मंगलीचं कार्ड कुठी हाय? गरोदरपणाचं. सिस्टर ज्याच्यावर वजन लिहिते थे.”

कमळाबाईनं एका हातानं माऊस हलवत दुसऱ्या हातानं कमरेची पिशवी काढली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, वर रबर लावलेलं, कोरं करकरीत. कार्डावर बाराआकडी नोंदणी क्रमांक होता. तोच क्रमांक प्रयोगशाळा रिपोर्टवर टाकते, आणि अँब्युलन्सवाला भरतीच्या कागदावर. नावं बदलतात. तो क्रमांक बदलत नाही.

“करिष्मा, मी एक आकडा म्हणते. तू रिपोर्टवर पाहून पुढचा म्हण. मंग केसपेपरवर पाहा.”

आणि मग त्या अरुंद खोलीतून आणि तिकडच्या वॉर्डातून ते आकडे सुरू झाले. इकडून दोन, तिकडून सात. इकडून शून्य, तिकडून चार. कोणी घाई केली नाही. सुलतानाबाई एरवी बोलते त्या आवाजात बोलत नव्हती. खाली, हळू, एकेक आकडा समोरच्याच्या कानात नीट पडेल असं. बाराही आकडे जुळले. करिष्मानं ते पुन्हा केसपेपरवर ताडले, डॉक्टरीणबाईंनी नावाखाली दुरुस्ती करून सही केली, आणि फोनमधून त्यांचा आवाज आला, “रिपोर्ट पाहिला. दोन पिशव्या सांगितल्या. गाडीला थांबायला सांगितलंय.”

तीन बावन्न.

कमळाबाई अजून माऊस हलवत होती. “झालं का बाई?”

“रिपोर्ट पोचली, कमळाबाई. रक्त निघालं. पण झालं मी आज नाई म्हणत. तुमी आता पोरीकडं जा.”

भैयाजींनी स्वतःच्या स्कूटरवर तिला काळीपिवळीच्या स्टँडपर्यंत नेलं आणि जाताना आपल्या चपला तिला दिल्या. परत ते अनवाणी आले. कचेरीत कोणी हसलं नाही.

रक्ताच्या पिशव्या पावणेसहाला पोचल्या. करिष्मानं त्यावरचा क्रमांक वाचून दाखवल्यावरच सुलतानाबाईनं डबा बंद केला. त्याच रात्री नऊला मंगलीला मुलगी झाली. मध्ये फार रक्त गेलं, तिचा श्वास चढला आणि एक पिशवी पूर्ण लागली. डॉक्टरीणबाई नंतर करिष्माला म्हणाल्या, की ती पिशवी तेव्हा हाताशी नसती तर त्यांचे हात बांधले गेले असते. करिष्मानं ते दुसऱ्या दिवशी सकाळी जसंच्या तसं सुलतानाबाईला सांगितलं. सुलतानाबाई फोन ठेवून औषधाच्या खोक्यांमागे गेली आणि पोटभर रडली. मग तोंड धुऊन आली आणि प्रयोगशाळेला उरलेल्या सहासष्ट रिपोर्टांची लेखी विनंती केली.

चार दिवसांत सगळे परत मिळवले. प्रत्येक रिपोर्ट कप्प्यात ठेवायचा, मग करिष्माला फोन लावून वाचून घ्यायचा. चाळिसाव्या रिपोर्टाला करिष्मा म्हणाली, “बाई, माह्या नाकात दम आणला तुमी.” सुलतानाबाई म्हणाली, “आणला तं आणला. पुढचा वाच.” भैयाजींनी त्याच आठवड्यात कपाटातले बस्ते सोडले. वरून आलेलं पत्र आता ते आधी ज्याच्या कामाचं त्याच्या टेबलावर ठेवतात, त्याची सही घेतात आणि मगच बांधतात. लाल शाई अजून तीच.

बाबूभाईला हे सगळं कळलं तेव्हा नाटकाचा हंगाम भरात होता. तरी एका दुपारी तो वडशाहून एक पाटी रंगवून घेऊन आला. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, बाकदार. ‘समोरच्यानं वाचून दाखवल्याशिवाय झालं म्हणू नये.’ पाटी त्यानं स्वतः ठोकली, डब्याच्या बरोबर वर.  जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवला तेवढाच.

महिन्याभरानं कमळाबाई आली. सोबत मंगली होती, चेहरा अजून फिकट, पण स्वतःच्या पायांनी चालत आलेली. कुशीत पोर. पोरीच्याही रक्ताचा रिपोर्ट येणार होता, तो त्याच दिवशी सकाळी आला होता. सुलतानाबाईनं त्यांच्यासमोर उलट्या रेघा टाकून तो कप्प्यात ठेवला, करिष्माला फोन लावला, आकडे वाचून घेतले. मग डब्याचा पडदा कमळाबाईकडे वळवला आणि बोट ठेवून दाखवलं.

“हे पाहा. हे तुमच्या नातीचं नाव. हे इथी हाय, अन् तिथीही हाय. तुमी सोताच पाहून घ्या.”

कमळाबाईनं पडद्याकडे पाहिलंच नाही. तिनं भैयाजींच्या चपला कागदात गुंडाळून आणल्या होत्या, त्या टेबलावर ठेवल्या आणि ती खुर्ची ओढून बसली.

“मले वाचता येत नाई, बाई. मी काय पाहू? त्या दिवशी तुमी म्हणलं नाई. आज म्हणा न. तुमी म्हणलं की मी घरी जातो.”

 सुलतानाबाईचा तो खणखणीत आवाज, रांगेच्या शेवटापर्यंत जाणारा, तो कुठं गेला कोण जाणे. 

“झालं, कमळाबाई,” ती कुजबुजली.

“मंग चाल गं मंगली,” कमळाबाई उठत म्हणाली. “काळीपिवळी निघून जाईल.”